वेलांटी गेली, उकार गेला: कीबोर्ड अर्धाच चालतो तेव्हा

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये कीबोर्डच जास्त आहेत. पूर्ण बंद पडलेल्या कीबोर्डबद्दल कोणी फारसं विचारत नाही, तो सरळ बदलून टाकला जातो. छळतो तो अर्धा चालणारा. सगळ्यांना एकच विनंती आहे, काहीही उघडायच्या किंवा अनइन्स्टॉल करायच्या आधी एक कागद घ्या आणि कुठली बटणं चालत नाहीत ती एकूण एक लिहून काढा. नोटपॅड उघडायचं, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकेक बटण दाबत जायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक वेळा निदान त्या यादीतच असतं. खालच्या पहिल्या प्रश्नात ते अगदी स्पष्ट दिसेल.

प्रश्न: नमस्कार ताई. मी इनस्क्रिप्टने मराठी टाइप करते, घरून मजकूर टाइप करून द्यायचं काम आहे माझं. गेल्या आठवड्यापासून लॅपटॉपवर वेलांटी येत नाहीये, ऱ्हस्व पण नाही आणि दीर्घ पण नाही. उकारही गेले दोन्ही. आणि 'न' आणि 'व' येत नाही. बाकी सगळं मराठी व्यवस्थित. मला वाटलं फाँट बिघडला म्हणून तीन फाँट बदलून बघितले, मग मराठी भाषा काढून परत टाकली, काही फरक नाही. हे पत्र फोनवरून लिहितेय. मराठीचं काही अपडेट वगैरे असतं का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून मी आधी इनस्क्रिप्टचा, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं मराठी अक्षर बसतं त्याचा, तक्ता डोळ्यासमोर आणला. दीर्घ वेलांटी आर वर, दीर्घ उकार टी वर, ऱ्हस्व वेलांटी एफ वर, ऱ्हस्व उकार जी वर, 'न' व्ही वर आणि 'व' बी वर. आता कीबोर्डकडे बघा, ही सहाच्या सहा बटणं एकमेकांना चिकटून आहेत, वरून खाली दोन उभ्या रांगा. म्हणजे मराठी बिघडलेलीच नाहीये, कीबोर्डचा एक तुकडा बंद पडलाय आणि नेमक्या वेलांट्या-उकार त्या तुकड्यावर बसलेत. इंग्रजीवर जाऊन आर टी एफ जी व्ही बी दाबून बघा, तीही येणार नाहीत. आणि ४ आणि ५ पण दाबून बघा, माझा अंदाज आहे की तेही गेले असतील. तुम्ही मराठीतच काम करता आणि आकडे वरच्या रांगेतून फारसे घेत नसाल म्हणून ते लक्षात आलं नसेल.

असं गटाने का जातं ते सांगते, कारण हे एकदा कळलं की पुढची अर्धी शोधाशोध वाचते. कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र वायर नसते. शंभर बटणांना शंभर वायरी ओढल्या तर ते परवडणार नाही आणि मावणारही नाही. त्याऐवजी आत आडव्या आणि उभ्या रेषांची जाळी असते, समजा ८ आडव्या आणि १६ उभ्या, म्हणजे १२८ छेद होतात आणि रेषा फक्त २४ लागतात. प्रत्येक बटण एका छेदावर. आतली चिप एकेका रेषेत आळीपाळीने सिग्नल सोडते आणि दुसऱ्या बाजूने कुठे आला ते वाचते, हे सेकंदाला शेकडो वेळा चालू असतं. आता यातली एक उभी रेषा तुटली की तिच्यावरची सगळीच्या सगळी बटणं एकदम मुकी होतात, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. ४, ५, आर, टी, एफ, जी, व्ही, बी ही आठ बटणं बऱ्याच कीबोर्डांत एकाच रेषेवर असतात. रेषा कशा फिरवायच्या हे कंपनी ठरवते त्यामुळे दुसऱ्या मॉडेलवर गट वेगळा निघेल, कधीकधी तर गेलेली बटणं एकमेकांपासून लांब लांब असतात आणि माणूस गोंधळतो की यांचा आपसात संबंध काय. संबंध आत असतो.

तरी पक्कं करून घ्या. एखादा यूएसबी कीबोर्ड कोणाकडून तरी तासाभरासाठी मागून आणा आणि लॅपटॉपला लावा. त्यावर वेलांटी आली तर विंडोज, मराठी, फाँट, ड्रायव्हर सगळे सुटले, दोष लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डात आहे. त्यावरही नाही आली तर मात्र सेटिंगमध्ये शोधायचं. ही एवढी एक चाचणी मी सगळ्यांना आधी करायला सांगते, कारण लोक दोन दोन दिवस ड्रायव्हर काढण्यात आणि विंडोज नव्याने टाकण्यात घालवतात आणि तुटलेली रेषा सॉफ्टवेअरने जुळत नाही.

दोष आतलाच निघाला तर दोन शक्यता. एक, कीबोर्डपासून मदरबोर्डकडे जाणारी चपटी रिबन केबल थोडी सरकली आहे किंवा तिच्या टोकावर मळ बसलाय. लॅपटॉप पडला असेल, बॅगेत दाबला गेला असेल किंवा नुकताच कोणी उघडून रॅम वगैरे बदलली असेल तर ही शक्यता जास्त, आणि याची एक खूण म्हणजे बटणं कधी चालतात कधी नाही, लॅपटॉप तिरका केला किंवा कोपऱ्यात दाबला की चालू होतात. ते काम जाणकार माणसाला सोपं आहे, आधी बॅटरी सोडवायची, कनेक्टरची छोटी खिट्टी उचलायची, केबल सरळ बाहेर काढून टोक पुसायचं आणि सरळच परत बसवायचं. ती खिट्टी फार नाजूक असते, जोर लावला की तुटते, म्हणून पहिल्यांदाच करत असाल तर कोणाला तरी सोबत घ्या. दुसरी शक्यता, आतल्या प्लास्टिकच्या पातळ पानावर छापलेली रेषाच तुटली किंवा गंजली. मग कीबोर्ड बदलणं आलं. लॅपटॉपमध्ये ती पानं एकमेकांना चिकटवलेली असतात त्यामुळे उघडून रेषा दुरुस्त करायच्या भानगडीत मी पडायला सांगणार नाही. बदलायला देण्याआधी एवढं विचारा की तुमच्या मॉडेलचा कीबोर्ड स्क्रूने बसवलेला आहे की वरच्या झाकणाला प्लास्टिकच्या रिव्हेटने कायमचा जोडलेला, कारण दुसऱ्या प्रकारात कितीतरी जास्त वेळ जातो, बरेचदा अख्खं झाकणच बदलावं लागतं.

तोपर्यंत काम थांबवू नका. यूएसबी कीबोर्ड लावून ठेवा. तो नसेल तर विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबा, स्क्रीनवर कीबोर्ड येतो, भाषा मराठी असेल तर त्यावर मराठी अक्षरं दिसतात, वेलांटीपुरतं माउसने क्लिक करायचं. संथ आहे, मान्य आहे मला, पण दिलेला शब्द पाळता येईल.

प्रश्न: ताई माझंही इनस्क्रिप्टच आहे पण माझी गंमत वेगळी, सगळी अक्षरं येतात फक्त जोडाक्षर होत नाही. 'प्रश्न' लिहायला गेलं की 'परशन' होतं. आणि 'अ' पण येत नाही.

उत्तर: तुमचं फक्त डी चं बटण गेलंय. हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडून जोडाक्षर करायचं चिन्ह, डी वर असतो आणि शिफ्ट डी वर 'अ', बघा दोन्ही एकाच बटणाचे. एकच बटण गेलं असेल तर सहसा रेषा तुटलेली नसते, त्या बटणाखाली कचरा अडकलेला असतो किंवा खालची रबराची टोपी फाटलेली असते. लॅपटॉप बंद करा, जवळजवळ उभा धरा आणि दाबलेल्या हवेच्या कॅनने त्या बटणाच्या चारी बाजूंनी छोटे छोटे फवारे मारा. कॅन सरळ उभाच धरायचा, आडवा केला की आतून थंड द्रव बाहेर येतो. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. एवढ्याने नाही झालं तर बटणाची टोपी अलगद उचलता येते, खाली कात्रीसारखी प्लास्टिकची चौकट असते ती मात्र तुटू देऊ नका. स्पेस, एंटर, शिफ्ट यांच्या टोप्या घरी काढूच नका, त्यांना खाली तारेचे आकडे असतात आणि ते परत बसवताना भल्याभल्यांचा वेळ जातो.

प्रश्न: काल संध्याकाळपासून जे के एल यू आय ओ एम दाबलं की आकडे उमटताहेत!! बाकी ठीक. व्हायरस असेल का?

उत्तर: व्हायरस नाही, नम लॉक चालू झालाय. छोट्या लॅपटॉपमध्ये उजवीकडे आकड्यांचा वेगळा गट नसतो म्हणून काही मॉडेल्समध्ये तो अक्षरांमध्येच लपवलेला असतो, जे म्हणजे १, के २, एल ३, यू ४, आय ५, ओ ६ आणि एम म्हणजे ०. नम लॉक दाबा, नाहीतर एफएन धरून नम लॉक दाबा. ते बटणच सापडत नसेल तर स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडून त्याच्या ऑप्शन्समध्ये आकड्यांचा गट चालू करा, तिथे नम लॉक मिळेल.

प्रश्न: माझ्या वडिलांच्या डेस्कटॉपवर कीबोर्ड फार जोर लावला आणि बटण थोडा वेळ दाबून धरलं तरच अक्षर उमटतं, पटापट टाइप केलं तर काहीच येत नाही. नवीन कीबोर्ड आणला, त्यावरही तेच!! आता कॉम्प्युटरच बदलावा का?

उत्तर: थांबा, काहीच बदलू नका. नवीन कीबोर्डवरही तेच होतंय म्हणजे कीबोर्ड निर्दोष आहे, ही खूण तुमच्याच पत्रात आहे. विंडोजमध्ये फिल्टर कीज नावाची सोय आहे, हात थरथरणाऱ्या लोकांसाठी केलेली, चुकून लागलेले धक्के ती मोजत नाही. उजवीकडचा शिफ्ट ८ सेकंद धरून ठेवला की ती चालू करायची विचारणा येते. वडील विचार करत बोट शिफ्टवर ठेवून बसले असतील, खिडकी आली असेल आणि एंटर दाबला गेला असेल, इतकं सोपं आहे ते. उजवा शिफ्ट परत ८ सेकंद धरा किंवा सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, तिथे फिल्टर कीज बंद करा. तिथेच ती शिफ्टवाली विचारणाही कायमची बंद करता येते, ती करून ठेवा म्हणजे परत होणार नाही. याची बहीण स्टिकी कीज, शिफ्ट पाच वेळा दाबला की येते, तिच्यात कंट्रोल किंवा शिफ्ट एकदा दाबलं की अडकल्यासारखं वागतं. वडिलांना सांगा त्यांनी काहीही बिघडवलेलं नाही, मोठ्या माणसांना ती धास्ती फार असते.

प्रश्न: एक्सेलमध्ये बाणाची बटणं बंद पडलीत. दाबलं की सेल बदलत नाही, अख्खी शीटच सरकते.

उत्तर: स्क्रोल लॉक. बटण असेल तर एकदा दाबा, नसेल तर स्क्रीनवरच्या कीबोर्डवर स्क्रोल लॉकचं बटण आहे ते क्लिक करा. झालं.

प्रश्न: ताई, लॅपटॉपवर साखर घातलेलं गरम पेय सांडलं, लगेच पुसलं, दोन दिवस छान चालला म्हणून सुटलो असं वाटलं. तिसऱ्या दिवशी एक शिफ्ट गेला, चौथ्या दिवशी आणखी तीन बटणं, आणि आता एक बटण आपोआप दाबल्यासारखं सारखं उमटतंय. तांदळात ठेवू का?

उत्तर: तांदळाने काही होत नाही, उलट त्याचा भुगा आत जातो. आणि दोन दिवस चालला म्हणजे सुटला असं नसतं, हे कळकळीने सांगतेय कारण इथेच सगळ्यात जास्त लॅपटॉप जातात. पाणी वाळतं पण साखर मागे राहते, ती चिकट असते आणि हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यात वीज खेळत असली की आतल्या बारीक धातूच्या रेषा हळूहळू खाल्ल्या जातात. म्हणून बटणं एका दिवसात न जाता एकेक करून जातात. आपोआप उमटणारं बटण म्हणजे दोन रेषांमध्ये त्या चिकट थरातून वीज पाझरतेय.

आत्ता काय करायचं तर पहिल्यांदा, लॅपटॉप चालू आहे तोवर तुमच्या फाइल्स दुसरीकडे कॉपी करून घ्या, त्याशिवाय दुसरं काही करू नका. मग बंद करा, चार्जर काढा आणि परत चालू न करता उघडून साफ करायला द्या. कीबोर्ड तर आता बदलावाच लागेल असं दिसतंय, पण मला काळजी कीबोर्डची नाही, त्याच्या खाली मदरबोर्ड आहे आणि तिथे काय पोचलंय ते बघितलं पाहिजे. देताना "सांडलं होतं" हे स्पष्ट सांगा, लाजू नका, लपवलं तर तो माणूस फक्त कीबोर्ड बदलून देईल आणि महिन्याभराने बोर्ड जाईल. साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, नव्वद टक्क्यांच्या वरचं, कारण ते पाण्याला सोबत घेऊन उडून जातं.

आणि ज्यांचं अजून सांडलेलं नाही त्यांनी वाचून ठेवा. सांडल्या क्षणी सेव्ह करत बसायचं नाही, पॉवरचं बटण दाबून धरून सरळ बंद करायचा, चार्जर ओढायचा, बॅटरी निघत असेल तर काढायची, आणि लॅपटॉप उघडून उलटा तंबूसारखा ठेवायचा म्हणजे द्रव आला तिकडूनच परत जाईल. गरम हवेचा ड्रायर नको, प्लास्टिक वाकतं आणि द्रव आणखी आत ढकलला जातो. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर किमान दोन दिवस वाळवून मग चालू करा. गोड काही असेल तर वाळवून भागत नाही, उघडून धुवावंच लागतं. डेस्कटॉपचा सुटा कीबोर्ड असेल तर एवढं टेन्शन नाही, यूएसबी काढा आणि निवांत साफ करा.

प्रश्न: लॅपटॉपच्या मधली काही बटणं नीट दाबली जात नाहीत, खालून काहीतरी वर आल्यासारखं वाटतं, टचपॅडही क्लिक होत नाही. झाकण पण पूर्ण मिटत नाही आता. कीबोर्ड बदलू का?

उत्तर: हा प्रश्न मी सगळ्यात आधी छापायला हवा होता. हा कीबोर्डचा बिघाड वाटतच नाही मला, तुमची बॅटरी फुगली आहे आणि ती खालून कीबोर्ड आणि टचपॅड वर ढकलतेय. चार्जर आत्ता काढा, लॅपटॉप बंद करा, आणि परत चार्जिंगला लावू नका. बटणं जोरात दाबू नका, झाकण दाबून मिटवायचा प्रयत्न करू नका, स्वतः उघडून काही टोचू तर अजिबात नका, फुगलेली लिथियम बॅटरी फुटली तर पेट घेते. कागद-कपड्यांपासून लांब टणक जागेवर ठेवा आणि लवकरात लवकर दुरुस्तीवाल्याकडे न्या, आधी फोनवर सांगा की बॅटरी फुगली आहे. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. बॅटरी बदलली की बहुतेक बटणं आपोआप ठीक होतील.

प्रश्न: मुलगा म्हणतो गेम खेळताना तीन बटणं एकदम दाबली की तिसरं लागत नाही म्हणून कीबोर्ड खराब आहे, नवीन पाहिजे. पण टाइप करताना तर सगळी चालतात. कोण खरं?

उत्तर: दोघंही. कीबोर्ड खराब नाही, पण तिसरं बटण लागत नाही हेही खरं. वर जी जाळी सांगितली ना, तिच्यात तीन बटणं जर एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर आली तर वीज वळसा घालून चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोचते आणि चिपला वाटतं चौथं बटण पण दाबलंय. मग चिप काय करते, गोंधळ नको म्हणून तिसरं बटण मोजतच नाही. साध्या कीबोर्डांमध्ये हे असतंच. गेमसाठीच्या बऱ्याच कीबोर्डांत प्रत्येक बटणाला डायोड लावून वीज एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून तिथे होत नाही. मुलाला गेमच्या सेटिंगमध्ये त्या तिन्हीपैकी एक क्रिया दुसऱ्या बटणावर घ्यायला सांगा, चौकोन मोडला की चालतं.

प्रश्न: मेकॅनिकल कीबोर्ड आहे, तीन वर्षं झाली, आता ए एकदा दाबला की दोनदा उमटतो. प्रत्येक वेळी नाही, अधूनमधून.

उत्तर: याला चॅटर म्हणतात. धातूचे संपर्क दाबताना क्षणभर थरथरतात, चिप काही मिलिसेकंद थांबून ती थरथर सोडून देते, पण संपर्क मळला किंवा झिजला की थरथर त्याहून लांबते आणि दोन ठोके मोजले जातात. कीबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात डीबाउन्सचा, म्हणजे चिपच्या त्या थांबण्याचा, वेळ थोडा वाढवून बघा. स्विच हाताने निघणारे असतील तर कमी वापरातला एखादा स्विच, स्क्रोल लॉकचा म्हणा, काढून ए च्या जागी लावा आणि ए चा त्याच्या जागी. दोष स्विचबरोबर तिकडे गेला की निदान पक्कं झालं आणि दुरुस्तीही झाली.

प्रश्न: वायरलेस कीबोर्ड मध्येच अक्षरं खातो. बॅटरी नवीन घातली तरी तेच.

उत्तर: त्याचा छोटा रिसीव्हर कुठे लावलाय बघा. निळ्या यूएसबी ३ च्या पोर्टजवळ, आणि शेजारी पोर्टेबल हार्ड डिस्क वगैरे लावलेली असेल तर त्या पोर्टमधून जो रेडिओ गोंगाट निघतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो आणि तुमचा कीबोर्डही तिथेच बोलतो. रिसीव्हर लांबच्या पोर्टला लावा, नाहीतर छोटी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन तो टेबलावर कीबोर्डजवळ आणा.

प्रश्न: अर्जंट आहे ताई. पासवर्डमध्ये जे अक्षर आहे तेच बटण बंद पडलं, लॉगिनच होत नाहीये, ऑनस्क्रीन कीबोर्ड सुरू करायला आत तर जाता आलं पाहिजे ना.

उत्तर: आत जायची गरज नाही. लॉगिनच्याच स्क्रीनवर उजवीकडे खाली माणसाच्या आकृतीचं छोटं चिन्ह आहे, ॲक्सेसिबिलिटीचं, त्यावर क्लिक केलं की ऑनस्क्रीन कीबोर्ड तिथेच उघडतो. पासवर्ड माउसने भरा. पासवर्ड भरताना बाजूचं भाषेचं चिन्ह पण बघून घ्या, तिथे चुकून मराठी किंवा इंग्लंडचा इंग्रजी लेआउट असला तर बटणं चांगली असूनही पासवर्ड चुकतो, इंग्लंडच्या लेआउटमध्ये ॲट द रेटचं चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल असते. आत गेलात की आकडी पिन लावून ठेवा, आणि मग कागद घेऊन बसा, कदाचित ते एकच बटण गेलेलं नसेल.